जमेची बाजू

शासनाच्या एका लेखाशाखेत छत्तीस वर्षे परक्यांच्या खर्चाच्या नोंदी करून मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा उरलेले आयुष्य ताळेबंदावाचून जाईल अशी माझी भाबडी समजूत होती. परंतु ज्याच्या ललाटी रोजकीर्द लिहिलेली असते त्याची वही पेन्शनीतही सुटत नाही, आणि ज्याला मेहुणे आहेत त्याची तर मुळीच सुटत नाही. माझे मेहुणे तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, बोईसरहून चिंचणीस जाणाऱ्या वाटेवर टुमदार बंगली बांधून राहिलेले, निर्व्यसनी, वक्तशीर आणि एरवी सर्वतोपरी विचारी असे गृहस्थ आहेत. 'एरवी' हा शब्द मी जपून घातला आहे. २०१३ साली, म्हणजे ज्या वर्षी चर्चगेटची लोकल विरारची वेस ओलांडून डहाणूपर्यंत धावू लागली आणि आम्हां पालघरकरांना एका रात्रीत मुंबईकर झाल्याचा भास झाला त्याच वर्षी, त्यांनी घोलवडच्या बाजूस एका चिकूवाडीतील पडवीत किंतानाखाली झाकलेली आणि कोंबड्यांनी वंशपरंपरेने उपभोगलेली एक इंग्रजी स्पोर्ट्‌स कार विकत घेतली.

"भाऊजी, हिशेब तुम्ही ठेवा," ते मला म्हणाले. "ही गुंतवणूक आहे. नुसती हौस असती तर हिशेब ठेवलाच नसता."

मी जाड पुठ्ठ्याची वही आणली, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च असे रकाने आखले, आणि वर 'तारापूरची मोहीम, दुसरी' असे शीर्षक घातले. पहिली मोहीम १७३९ च्या आरंभीची. चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा कोट घेतला, पण बाजी भिवरावांसारखा मोहरा त्या रणात पडला. दुसऱ्या मोहिमेत मनुष्यहानी अद्याप झालेली नाही. भविष्यनिर्वाह निधी मात्र पहिल्याच हल्ल्यात कामी आला.

मोटारीचे नाव एम. जी. टीडी. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिस यांच्या मोटारींच्या दुकानाचे हे नाव, आणि त्या दुकानाचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या संसारी, पापभीरू गाड्यांवर नखरेल अंगरखे चढवून हे घराणे उभे केले. १९२९ पासून अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात या गाड्या होऊ लागल्या आणि १९८० साली त्या कारखान्यास कुलूप लागले. आपली अ‍ॅम्बॅसॅडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तेव्हा ज्या घराण्यातून आपल्या कलेक्टरसाहेबांची ती पोक्त, पांढरी, पडदेवाली गाडी आली, त्याच घराण्यातील ही धाकटी, केस मोकळे सोडून हिंडणारी चुलत बहीण होय. टीडी १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत निघाली. तीस हजारांस काही शतके कमी एवढ्याच झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेस गेल्या. इंजिन १२५० सी.सी.चे, शक्ती ५४ घोड्यांची, बसायला दोन माणसे. तिसरे माणूस असल्यास ते ढकलण्यास उपयोगी पडते.

एम. जी. ही मुद्रा पुढे एका चिनी कंपनीच्या हाती गेली आणि तिच्या नव्या गाड्या आमच्याच रेल्वेमार्गाच्या वरच्या अंगास, गुजरातेतील हलोल येथे तयार होऊ लागल्या. त्यामुळे मेहुणे बोईसरच्या नाक्यावर आपली पंचाहत्तर वर्षांची कुलीन वृद्धा घेऊन उभे राहिले की एखादा तरुण तिच्या नाकावरची अष्टकोनी मुद्रा वाचून अदबीने विचारतो, "काका, ही चार्जिंगवाली का?" दुसरा विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि तिसरा, जो नेहमी रिक्षावालाच असतो, तो मूळ मुद्द्याला हात घालतो: "कितीला पडली?"

मोटारीची किंमत ही एक संख्या असते असे मी छत्तीस वर्षे मानत आलो होतो. या वहीने माझा भ्रम दूर केला. मेहुण्यांनी वहिनींना सांगितलेली किंमत साडेतीन लाख होती. मित्रमंडळींत, "घासाघीस करून करून शेवटी" या प्रस्तावनेसह सांगितलेली किंमत दहा लाख होती. आणि प्रत्यक्ष मोजलेली रक्कम सहा लाख पंच्याहत्तर हजार, जी केवळ माझ्या वहीत आहे आणि ती वही माझ्या कपाटात आहे. वाचकांनी पहिल्या दोन संख्यांची सरासरी काढून पाहावी. ती बरोबर सहा लाख पंच्याहत्तर हजार येते, यावरून मेहुण्यांची मूळ सचोटी सिद्ध होते.

परंतु ही झाली गेलेली किंमत. मेहुण्यांचा सगळा जीव असतो तो असलेल्या किमतीवर. १९५० साली ही गाडी नवी असताना इंग्लंडात तिला, तिकडचा खरेदीकर वगळून, साडेचारशे पौंडांहून किंचित कमी पडत; तेव्हाच्या पौंडास तेरा रुपये पाच आण्यांच्या हिशेबाने सहा हजार रुपयांच्या आत. आज तिकडे चांगल्या स्थितीतील टीडीस पंधरा ते पंचवीस हजार पौंड पडतात. या एका वाक्यावर मेहुण्यांचे वार्धक्य उभे आहे. सकाळी वर्तमानपत्र आले की ते प्रथम पौंडाचा भाव पाहतात, आणि ज्या दिवशी रुपया घसरतो, त्या दिवशी देशाविषयी यथोचित खेद व्यक्त करून झाल्यावर, चहाचा पेला खाली ठेवीत ते हलकेच म्हणतात, "भाऊजी, काल रात्रीत गाडीने चाळीस हजार कमावले." हे चाळीस हजार जमेस धरावेत असा त्यांचा आग्रह. मी धरत नाही. पेशवाईच्या दप्तरांत गावाचा कमाल आकार निराळा असे आणि प्रत्यक्ष वसूल निराळा असे. कमाल आकार सनदेवर लिहून जहागीरदारास देता येतो, पण शिबंदीचा पगार चुकवावा लागतो तो वसुलातूनच. मेहुण्यांची मोटार हे असे एक गाव आहे, ज्याचा आकार लंडनास ठरतो, खर्च चिंचणीस पडतो, आणि रयत परागंदा आहे.

रयत परागंदा, हे मी अलंकारासाठी म्हणत नाही. जुन्या मोटारीला भाव येतो तो लोखंडाचा नव्हे, आठवणीचा. ज्या माणसाने विशीत ती मोटार दुसऱ्याच्या बुडाखाली पाहिली आणि मनात एक सल घेऊन घरी आला, तो साठीत, हाती पैसा आल्यावर, वाटेल ती रक्कम मोजून तो सल काढून घेतो. १९६१ साली दोन हजार पौंडांच्या आगेमागे मिळणारी जॅग्वारची ई-टाइप याच न्यायाने लाख पौंडांपर्यंत चढली, आणि याच न्यायाने आता शिखरावरून थोडी उतरू लागली आहे. कारण सलांचेही आयुष्य असते. १९५० साली विशीत असलेला तरुण आज पंचाण्णवीच्या घरात आहे. त्याची इच्छा शाबूत असली तरी टीडीत शिरावयास जे गुडघे लागतात ते शाबूत नाहीत, आणि त्याच्या नातवाचा सल निराळ्याच गाडीविषयी आहे. हे मी एकदा मेहुण्यांस समजावून सांगू लागलो. त्यांनी मला किरणोत्सारी पदार्थांच्या अर्धायुष्यावर अर्धा तास व्याख्यान दिले व शेवटी असा निष्कर्ष काढला की हौसेचे अर्धायुष्य युरेनियमइतके असते. वहिनी आत भांडी लावीत होत्या. त्यांनी एक भांडे किंचित जोरात ठेवले.

वहिनींविषयी दोन शब्द येथेच लिहिणे इष्ट. त्या नवऱ्याच्या छंदाच्या विरोधात नाहीत. विरोध करण्याइतके महत्त्वच त्या त्याला देत नाहीत. अणुविद्युत केंद्राच्या छायेत सारा संसार करूनही त्यांचा विजेच्या गीझरवर विश्वास नाही. मागीलदारी तांब्याचा बंब आहे, आणि जे जे जळू शकते त्याची गणना त्यांच्या दृष्टीने सरपणात होते.

आता खर्चाची बाजू. पुष्कळांस ठाऊक नसते की या मोटारीचा देह पोलादी पत्र्याचा असला तरी त्या पत्र्याच्या आतला सांगाडा लाकडाचा असतो. इंग्लंडातील अ‍ॅश वृक्षाचे हे लाकूड चिवट, लवचीक आणि सुस्वभावी म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्याची आणि आमच्या समुद्रकाठच्या वाळवीची पूर्वी कधी ओळख झालेली नव्हती. घोलवडच्या पडवीत ती झाली. गाडी घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मेहुण्यांनी दार उघडले, आणि दार हातात आले. मोटारीसाठी कीडनियंत्रणवाल्यास बोलावणारा मनुष्य पालघर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, हा पहिलाच असावा. (आमचा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निराळा झाला, गाडीचे दार त्यापूर्वीच झाले होते.) पुढे पालघरच्या एका सुताराने जुन्या सांगाड्यावरून मापे घेऊन नवा सागवानी सांगाडा केला, आणि तो इतका सुबक केला की मेहुण्यांनी त्यावर पत्रा चढवण्यापूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांस दर्शनास बोलावले. जुनी लाकडे मागीलदारी भिंतीशी नीट रचून ठेवण्यात आली. सागवान झाले तरी पावसाळा पावसाळाच; आषाढात ते दार देव्हाऱ्याच्या दारासारखे फुगते आणि दिवाळीपर्यंत एकाच बाजूने आत-बाहेर करावे लागते. त्यात खारा वारा. चिंचणीच्या किनाऱ्यावर लोखंड म्हणजे मुदतीची ठेव. फरक एवढाच की मुदत संपल्यावर ठेव परत मिळत नाही.

जुन्या इंग्रजी गाड्यांच्या विजेची थट्टा करताना त्यांच्याच देशबांधवांनी विजेची उपकरणे करणाऱ्या ल्यूकस कंपनीस 'अंधाराचा राजपुत्र' अशी पदवी बहाल केलेली आहे. आमच्या गाडीचे दिवे मनोरच्या रस्त्यावर रात्री एकाएकी गेले तेव्हा मेहुण्यांनी ही आख्यायिका मोठ्या अभिमानाने सांगितली. परंतु मी वहीत सत्य तेच लिहितो, आणि सत्य असे की तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या. पेट्रोलची कथा वेगळी. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, म्हणजे पर्यायाने उसाचा आणि धान्याचा अंश असतो, आणि तो जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. एवढ्या उतारवयात या इंग्रज बाईला मळीचा नाद लागावा, हे तिच्या प्रकृतीस झेपण्यासारखे नव्हते. नळ्या बदलल्या.

तथापि सर्वांत मनोहर प्रकरण आट्यांचे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगणात लेथ चालवणाऱ्या एका मिस्त्रीकडे मेहुणे इंजिनाचा एक बोल्ट घेऊन गेले. मिस्त्रीने तो उजेडाकडे धरला, आपल्या ठेवणीतल्या सर्व नटांवर फिरवून पाहिला, आणि खिन्नपणे उद्गारला, "साहब, इसका सिर एक मुल्क का है और चूड़ी दूसरे मुल्क की." त्याने निदान अचूक केले होते. हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत कॉव्हेंट्रीस कारखाना काढला. तो १९२३ साली मॉरिस यांनी घेतला. त्यातील यंत्रे फ्रेंच मापाची, म्हणून इंजिनातील आटे मेट्रिक निघत. परंतु इंग्रज गिऱ्हाइकाच्या पेटीत पाने असत व्हिटवर्थ मापाचे, म्हणून त्याच बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची ठेवली गेली. वरून इंग्रज आणि आतून फ्रेंच अशी ही संकरज व्यवस्था पुढची तीस वर्षे सुखाने नांदली. तिचा हिशेब चुकता करण्याची पाळी बोईसरच्या मिस्त्रीवर आली.

वास्तविक या गाडीचा प्रत्येक सुटा भाग विलायतेत आजही नवाकोरा मिळतो. एकदा चार पौंडांचे तांब्याचे वायसर मागवले, तर त्यांस टपालहशील तीस पौंड पडले, आणि वर जकात, कर व पोचवणाराचे निराळे शुल्क. वहीत त्या वायसरांची नोंद करताना मी ते सोन्याचे नाहीत ना याची दोनदा खात्री केली. तेव्हापासून मेहुण्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. त्यांचा युक्तिवाद असा, आणि त्यात तथ्य आहे हे मला मान्य करावे लागते: तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, १९६९ साली सुरू झालेल्या, १९७४ च्या पोखरणच्या चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, तरी इथल्या माणसांनी स्वतः भाग घडवून, डोके चालवून त्या भट्ट्या चालू ठेवल्या. "ज्या गावाने अणुभट्टी चालवली," मेहुणे म्हणतात, "त्या गावाला दोन कार्बुरेटरांचं काय हो?" आणि खरोखरच, चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात दागिन्यांच्या नक्षीचे डाय कोरणारे जे कारागीर आहेत, त्यांतील एकाने नकाशा न पाहता, केवळ मोडका तुकडा तळहातावर घेऊन, कार्बुरेटरच्या तरफेची एक नाजूक खीळ अशी घडवून दिली की मूळची खीळ तिच्यापुढे ओबडधोबड वाटावी. फक्त सवयीने त्याने तिच्या टोकास एक बारीकशी वेल काढली होती. ती तशीच बसवली आहे. हा एवढा एकच खर्च मी वहीत लिहिताना हळहळलो नाही.

शासनाचा वाटा मात्र, लोक समजतात तसा, मोठा नाही. २०२१ च्या जुलैत केंद्र शासनाने नियम काढून पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांस 'व्हिंटेज' असा दर्जा दिला; नव्या नोंदणीस वीस हजार, पुनर्नोंदणीस पाच हजार, मुदत दहा वर्षे, आणि नव्या नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही दोन अक्षरे. विम्याची तर कमाल आहे: १००० ते १५०० सी.सी.च्या खासगी मोटारीस त्रयस्थ विम्याचा दर २०२२ च्या पत्रकाप्रमाणे ३,४१६ रुपये, आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीस त्यात निम्मी सूट. म्हणजे १,७०८ रुपये. साऱ्या वहीत खाडाखोडीवाचून राहिलेली ही एकमेव नोंद. नियमांतील एक कलम मात्र मेहुण्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावण्याच्या लायकीचे ठरवले. ते असे की व्हिंटेज गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती प्रदर्शनास, मेळाव्यास, पेट्रोल भरण्यास व दुरुस्तीस तेवढी नेता येते. "पाहा," ते गहिवरून म्हणाले, "नियम करणाऱ्याच्या घरी अशी गाडी असली पाहिजे." गेल्या बारा वर्षांत ती पेट्रोल आणि दुरुस्ती यांखेरीज कुठेही गेलेली नाही, हे खरेच आहे. मुंबईच्या एका मेळाव्यास तेवढी गेली, तीही आयशर टेम्पोवर चढून. चिल्हार फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा टेम्पोचा ड्रायव्हर गर्दीस सांगत होता की आपण सिनेमावाले आहोत.

एकूण खर्च, खरेदी वगळून, अकरा लाख बेचाळीस हजार तीनशे सोळा रुपये. धाव दोन हजार एकशे ऐंशी किलोमीटर. अ‍ॅव्हरेज विचारणाऱ्या तरुणास मी एकदा दर किलोमीटरी पाचशे चोवीस रुपये असे उत्तर दिले. त्याला वाटले मी विमानाविषयी बोलतो आहे. जमेची पाने कोरी.

आणि गेल्या मार्गशीर्षात गिऱ्हाईक आले. गृहस्थ पुण्याचे, मितभाषी, हातात विजेरी आणि खिशात लोहचुंबक. मेहुण्यांनी गाडी तीन दिवस पुसून काढली होती. रंग असा की त्यात स्वतःचा चेहरा पाहून भांग पाडावा. गृहस्थ गाडीखाली निजले, पत्र्यावर चुंबक फिरवून लांबी कुठे भरली आहे ते पाहिले, दार उघडून आतल्या सागवानावर नखाने टिचकी मारली, आणि उठून रुमालास हात पुसत म्हणाले, "फार देखणं काम झालंय. बारा लाख देईन."

मेहुण्यांच्या मुद्रेवर लंडनचा भाव उमटला. गृहस्थांनी तो ओळखला असावा, कारण त्यांनी पुढे शांतपणे जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: अलीकडे जाणत्यांत दृष्टी पालटली आहे, कॅलिफोर्नियात पेबल बीचला गाड्यांचे जे मोठे प्रदर्शन भरते त्यात, हात न लावलेल्या, जशाच्या तशा राखलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग असतो, झिजलेला रंग, फाटलेले कातडे, मूळचे लाकूड यांना जे मोल आहे ते नव्या झिलईला नाही. आपल्याकडच्या नियमांतही गाडी मूळ स्वरूपातच असावी अशी अट आहेच.

"मूर्तीला वज्रलेप केला म्हणून मूर्ती नवी होते का?" मेहुण्यांनी क्षीण स्वरात विचारले.

"नाही होत," गृहस्थ म्हणाले. "पण वज्रलेपाच्या आधीची मूर्ती मी अठरा लाखांना नेली असती. कोंबड्यांसकट." मग जरा विचार करून म्हणाले, "निदान तो जुना अ‍ॅशचा सांगाडा असेल तर दाखवा. वाळवी लागलेली असली तरी चालेल. मूळचा भाग तो मूळचा भाग."

अकरा लाख बेचाळीस हजार रुपये खर्चून सहा लाख रुपयांनी कमी केलेली किंमत, हा प्रकार माझ्या छत्तीस वर्षांच्या सेवेत मी फक्त शासनाच्या बांधकामांत पाहिला होता. परंतु मेहुण्यांच्या डोळ्यांत आशा चमकली. ते मागीलदारी धावले. मीही वही घेऊन मागोमाग गेलो. भिंतीशी शेणी होत्या, नारळाच्या करवंट्या होत्या, झावळ्या होत्या.

"अगं, ती गाडीची लाकडं कुठायत?" मेहुण्यांनी विचारले.

वहिनी बंबाशी बसून जाळ पुढे सारीत होत्या. "कुठली? ती होय," त्या म्हणाल्या. "ती त्याच साली नाही का बंबात घातली! चांगली चाळीस दिवस पुरली. फार छान जळायची मेली, धूर म्हणून नाही. तशी आणखी कुठे मिळाली तर आणा."

पुण्याचे गृहस्थ चहा घेऊन, बारा लाखांचा शब्द महिनाभर राखून, चारच्या गाडीने गेले. मेहुणे ओसरीवर बसून राहिले. मी मनाशी हिशेब केला: सहा लाख, चाळीस दिवस, दोघांची आंघोळ, दर आंघोळीस साडेसात हजार रुपये. परंतु लेखाशाखेचा नियम असा की झालेली हानी आणि मिळालेली वस्तू यांची नोंद निरनिराळी करावी लागते. आणि वस्तू तर मिळाली होती. रात्री घरी आल्यावर मी वही उघडली, टाक पुसला, आणि बारा वर्षे कोऱ्या राहिलेल्या डाव्या रकान्यात पहिली नोंद केली: 'सरपण, इंग्रजी, दिवस चाळीसचे, स्थानिक दराने रु. ३२०.'